पिग्मीचं ॲप दिलंय, पण एजंट डायरीतच लिहितात. लहान कंपनीनं यूएक्स डिझायनर घ्यावा का?

टिळकवाडी_कोड (प्रश्न)

नमस्कार. बेळगावात टिळकवाडीत आमची आठ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. पतसंस्था आणि सौहार्द (कर्नाटकातल्या सहकारी) सोसायट्यांसाठी पिग्मी वसुलीचं, म्हणजे एजंट रोज दुकानोदुकानी जाऊन छोटी ठेव गोळा करतो त्याचं, ॲप करतो. एजंटाच्या मोबाईलवर ॲप, कमरेला ब्लूटूथचा दोन इंची प्रिंटर. दुकानदारानं पैसे दिले की तिथंच नोंद, पावती, ठेवीदाराला एसएमएस, आणि संध्याकाळचा हिशेब ब्रँचला आपोआप. याआधी या एजंटांकडं बटणांचं जुनं पिग्मी मशीन होतं. सकाळी ब्रँचमध्ये डेटा भरून न्यायचा, संध्याकाळी उतरवायचा.

स्क्रीन पुण्याच्या एका एजन्सीकडून करून घेतल्या. फिग्मात (स्क्रीनचे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बघताना छान वाटल्या, सोसायटीच्या संचालकांनीही वाहवा केली. पण आता दोन सोसायट्यांतून एकच तक्रार येतेय. एजंट दिवसभर डायरीत लिहितात आणि रात्री घरी बसून एकेक नोंद ॲपमध्ये चढवतात. पावती कुणाला मिळत नाही, एसएमएस रात्री दहाला जातो, आणि ठेवीदार सकाळी ब्रँचच्या दारात. ट्रेनिंग दिलं की चार दिवस वापरतात, परत डायरी.

पूर्णवेळ यूएक्स डिझायनर, म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं जावं हे बघणारा माणूस, घ्यावा असं माझं मत आहे, पण त्याचा पगार काढायचा तर एका डेव्हलपरची भरती थांबवावी लागेल. पार्टनर म्हणतो, गूगल फॉर्मवर एजंटांचा सर्व्हे घेऊ, पाचपैकी किती स्टार ते विचारू आणि त्याप्रमाणं बदल करू. नव्या कंपन्या हे काम नेमकं कसं बसवतात? अनुभव असेल त्यांनी सांगा.

शहापूरकरीण

भाऊ, डिझायनरचा विषय थोडा बाजूला ठेवा. आधी एवढंच सांगा, तुमच्या आठ जणांपैकी पिग्मी एजंटाच्या मागं अख्खी दुपार कोण फिरलंय? एजन्सीतलं कुणी फिरलं होतं का? तुमच्या प्रश्नावरून तरी तसं वाटत नाही, आणि माझ्या मते सगळं तिथंच अडलंय.

मी पुण्यात प्रॉडक्ट कंपन्यांमध्ये यूएक्सचं काम केलं. आता बेळगावला परत येऊन उद्यमबागेतल्या वर्कशॉपवाल्यांच्या सॉफ्टवेअरवर तेच काम करते. आमच्या घरचं शहापूरच्या खडेबाजारात साड्यांचं दुकान आहे, त्यामुळं पिग्मीवाला मी काउंटरच्या आतल्या बाजूनं बघत आलेय. तो येतो तेव्हा दुकानात काय चाललेलं असतं ते सांगते. गादीवर साड्या उलगडलेल्या, समोर लग्नाच्या बस्त्याला आलेलं कुटुंब, माझ्या भावाचा एक हात गल्ल्यात. एजंट पायरीवरूनच हात पुढं करतो. खांद्याला बॅग, डाव्या हातात डायरी, अंगठा पानात अडकवलेला. भाऊ गिऱ्हाइकावरची नजर न काढता पन्नासची नोट देतो, एजंट एक आकडा लिहितो आणि पुढच्या दुकानाकडं वळतो. जुनं मशीन होतं तेव्हा खाते नंबर तो न बघताच दाबायचा. बोटांना बटणं पाठ होती, नोट बॅगेत जाईपर्यंत पावती बाहेर.

तुमचं ॲप मी बघितलेलं नाही, पण या जातीची बरीच बघितलीत. फोन खिशातून काढायचा, लॉक उघडायचं. मधल्या वेळेत ॲपनं बाहेर काढलेलं असतं, म्हणून परत पिन. ठेवीदारांची यादी एबीसीडीप्रमाणं. शोधायला गेलं की इंग्रजी कीबोर्ड वर येतो, आणि पाटील टाकलं तर आपल्याकडं पाटीलच पाटील. मग रक्कम, मग 'खात्री आहे का', मग प्रिंटर जोडतोय, जोडतोय. तेवढ्यात गिऱ्हाइकानं साडीचा भाव विचारला की भाऊ म्हणणार, "उद्या ये रे." एजंटाचं कमिशन त्या पन्नास रुपयांवर असतंय. त्यानं डायरी धरली यात त्याचं काय चुकलं?

पिग्मी ठेव सुरू झाली १९२८ साली उडुपीत. पुढं सिंडिकेट बँक म्हणून जी ओळखली गेली, तिनं ती काढली. दोन आण्यांसाठीसुद्धा माणूस रोज दारात यायचा. ठेवीदारानं हातातलं काम सोडून बँकेत जायचं नाही, हाच त्या योजनेचा पाया. ॲपमुळं दुकानदाराला काम सोडून एजंटाच्या तोंडाकडं बघत थांबावं लागत असेल तर तो पायाच ढासळला.

म्हणून पहिलं काम, डायरी बघा. एजंटाला रीतसर विचारून, चहा घेत, पानं चाळा. नावं अक्षरांच्या क्रमानं मिळणार नाहीत, वाटेच्या क्रमानं मिळतील. आधी गणपत गल्ली, मग मारुती गल्ली, रस्त्याच्या ज्या बाजूनं तो चालतो त्या बाजूनं. बंद दुकानापुढं फुली, आठवड्याचे एकदम देणाऱ्यापुढं वेगळी खूण. तुमची पहिली स्क्रीन त्या पानावर तयार आहे. यादी वाटेच्या क्रमानं, नावापुढं कालची रक्कम, कारण बरेच ठेवीदार रोज तेवढेच देतात, आणि त्या रकमेवर एकदा दाबलं की नोंद. रक्कम वेगळी असेल तरच कीपॅड उघडायचा. कीपॅडसुद्धा बघूनच ठरवा. कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वरच्या ओळीत असतात, फोनवर १-२-३. एजंटाचा हात कशावर बसलाय हे ऑफिसात बसून कळणार नाही. बटणाला अँड्रॉइडची शिफारस किमान ४८ डीपीची (डीपी हे स्क्रीनवरचं माप) आहे, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. चालत्या माणसाच्या अंगठ्याला मी त्याहून मोठं देईन. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान ४.५ ला १ असा फरक हवा, असं डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, नियमावलीत आहे. फिक्कट राखाडी अक्षरं फिग्मात नाजूक दिसतात, भर दुपारी रस्त्यावर ती दिसतच नाहीत.

'खात्री आहे का' ही खिडकी काढून टाका. दिवसात शेकडो वेळा समोर आलेली गोष्ट माणूस वाचत नाही, बोट आपोआप 'होय'वर जातं. पैशाचा मामला आहे म्हणून खात्री हवीच, पण ती ठेवीदाराकडून घ्या. नोंद झाली की नाव आणि रक्कम अख्ख्या स्क्रीनभर दाखवा, एजंट फोन नुसता दुकानदाराकडं वळवेल. पन्नासच्या जागी पाचशे पडले असतील तर लांबूनही दिसेल, आणि पावती छापायच्या आत दिसेल. दुकानदार फोनला हात लावत नसला तरी तोही तुमचा वापरकर्ता आहे. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

आता कंपनीत हे बसवायचं कसं. आठवड्यातली एक दुपार ठरवा आणि ती मोडू नका. त्या दुपारी दोघं जण एका एजंटाबरोबर जायचं, एक बघणार, एक लिहिणार. आळीपाळीनं सगळे, बॅकएंडवालासुद्धा, टेस्टिंगवाला तर हवाच. फिरताना मदत करायची नाही. एजंट अडखळला की तोंडावर येतं, "सर, ते वरचं बटण दाबा", ते गिळायचं. तो कुठं थांबला, काय पुटपुटला, कुठल्या दुकानापुढं फोन खिशात घालून डायरी काढली, तेवढंच टिपायचं. परत आल्यावर त्याच दिवशी सगळ्यांनी बसून बोलायचं, उद्यावर टाकलं की निम्मं विसरतं.

किती जण बघायचे, तर एका फेरीला पाच पुरतात. यूएक्सचे अभ्यासक जेकब निल्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी १९९३ साली हिशेब मांडला होता. एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, आणि त्याच हिशेबानं पाच जणांत साधारण ८५ टक्के दिसतात. पण हे आकडे अर्धवट ऐकून लोक पाच जण बघतात आणि काम संपवतात. निल्सन यांचा खरा सल्ला होता की पंधरा माणसं एकदम बघण्यापेक्षा पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा, आणि मध्ये दुरुस्ती करा. शिवाय पाच म्हणजे एकाच जातीच्या कामाचे पाच. एजंट वेगळे, ब्रँचमधला क्लार्क वेगळा. नव्या स्क्रीनसाठी कोडही लिहू नका. कागदावर पेन्सिलनं काढा, फोनच्या मापाचे तुकडे करा आणि एजंटाला सांगा, "हे ॲप समजा, आता माझ्याकडून पन्नास रुपये घ्या." त्याचं बोट कुठं जातं ते बघा. पेन्सिलचं चित्र खोडायला कुणाचा जीव तुटत नाही.

गूगल फॉर्म नकोच. आपल्याकडचा माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. "बरं हाय की ओ" म्हणेल, पाच स्टार देईल आणि बाहेर पडून डायरी काढेल. प्रश्नावलीच हवी असेल तर जॉन ब्रुक यांनी १९८६ साली केलेली एसयूएस आहे, वापरायला किती सोपं ते मोजणारी, दहा वाक्यांची. तिच्यात शंभरापैकी साधारण ६८ गुण म्हणजे मधला दर्जा. पण ती ॲप स्थिर झाल्यावर घ्या. आज तुम्हाला लागणारा आकडा तुमच्याच सर्व्हरवर पडलाय. प्रत्येक नोंदीची वेळ काढा. दिवसा दुकानापुढं किती झाल्या आणि रात्री एका जागी बसून किती, हे एजंटाप्रमाणं वेगळं करून बघा.

डिझायनर पुढं लागेल. वेगवेगळ्या डेव्हलपरनी केलेल्या स्क्रीन एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, किंवा दुसरं प्रॉडक्ट हातात आलं, की घ्या. तोवर आठातल्या ज्याला माणसांत रमायला आवडतं त्याला अर्धा वेळ हे काम द्या. निवडताना चकचकीत चित्रांच्या पोर्टफोलिओवर जाऊ नका. एखादी जुनी स्क्रीन आणि तिची सुधारलेली स्क्रीन समोर ठेवायला सांगा आणि विचारा, हे बदललंस ते कुणाला बघून? उत्तरात एखादा माणूस निघाला तर घ्या.

निपाणी_क्लार्क

ताईंनी दुकानातलं सांगितलंय, मी ब्रँचमधलं सांगतो. मी सोसायटीत पिग्मीचा काउंटर बघतो. एजंट डायरी सोडत नाहीत त्याला अजून एक कारण हाय, तेवढं ध्यानात घ्या. संध्याकाळी रोख आणि नोंदी यांचा मेळ बसला नाही तर कमी पडलेले पैसे एजंट खिशातून भरतोय. डायरी त्याचा पुरावा असतोय. सीमेवरच्या खेड्यात रेंज येतेय-जातेय. ॲपमध्ये नोंद केली, गोल गोल फिरत बसलं, मग त्यानं परत नोंद केली. संध्याकाळी बघितलं तर एकाच ठेवीदाराच्या दोन नोंदी, आणि रोख एकाचीच. असं एकदा झालं की तो माणूस ॲपवर परत विश्वास ठेवत न्हाई, तुम्ही किती बी ट्रेनिंग द्या.

आमच्या एजंटांचं एकच मागणं असतंय. नोंद फोनमध्ये पक्की झाली का, आणि ब्रँचला पोचली का, हे दोन्ही वेगवेगळं दिसू दे. आणि आजची एकूण रोख कायम वर दिसू दे, म्हणजे वाटेत चहाला थांबलं की बॅगेतल्या नोटा मोजून ताडून बघता येतंय.

शहापूरकरीण

निपाणीकर, हे फार मोलाचं सांगितलंत. निल्सन यांनी १९९४ साली इंटरफेसचे दहा नियम मांडले, त्यातला पहिलाच हा आहे: आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला सतत दिसलं पाहिजे. टिळकवाडीकर, दुबार नोंदीचा बंदोबस्त मात्र स्क्रीनवर होणार नाही, तो सर्व्हरवर करा. प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा क्रमांक पडू दे. रेंज नसताना तीच नोंद कितीदाही पाठवली गेली तरी सर्व्हरनं एकदाच धरायची. माझ्या लेखी हेसुद्धा यूएक्सचंच काम आहे. आणि एकूण रोख वर दाखवायचं उद्याच करून टाका, त्याला डिझायनर कशाला?

खानापूर_अँड्रॉइड

लिपीबद्दल थोडं, कारण आपल्या भागात दोन्ही लागतात. एजंट घरी मराठी बोलणारा, शाळा कन्नड, आणि बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवीदारांची नावं इंग्रजीत. त्यामुळं एकच भाषा कुणी गृहीत धरू नये. भाषा बदलायचं बटण सेटिंगच्या पोटात लपवू नका, पहिल्याच स्क्रीनवर द्या. आणि खाते नंबरच्या शेवटच्या आकड्यांवरून शोधता आलं पाहिजे. आकड्यांना स्पेलिंगचा त्रास नाही.

एजन्सीच्या स्क्रीन बहुधा इंग्रजी मजकूर घालून केलेल्या असतात. त्याच चौकटीत मराठी घातलं की वरच्या वेलांट्या कापल्या जातात, कन्नड घातलं की खालचे ओत्तक्षर (जोडाक्षराचा खाली लिहिलेला भाग) कापले जातात. ओळीची उंची वाढवा, बटणाची उंची ठोकून बसवू नका. पन्नाशीच्या एजंटांनी फोनमधला अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा केलेला असतो, तसा करून तुमची प्रत्येक स्क्रीन एकदा बघाच.

प्रिंटरचं तर वेगळंच. ५८ मिलिमीटर कागदाच्या प्रिंटरमध्ये सहसा देवनागरी किंवा कन्नड फॉन्ट नसतो. मजकुराचं चित्र करून पाठवावं लागतं, ओळीला ३८४ ठिपके, आणि चित्र ब्लूटूथवरून सावकाश जातं. सोसायटीचा लोगो, पूर्ण पत्ता, आभार, सगळं काढा. सोसायटीचं नाव आणि ठेवीदाराचं नाव तेवढं चित्रात, बाकी तारीख, रक्कम, शिल्लक प्रिंटरच्या स्वतःच्या आकड्यांत. प्रिंटरची जोडणी सकाळी एकदाच करून दिवसभर टिकवा, दर पावतीला नवीन जोडू नका. एसएमएसलाही हेच. इंग्रजीत एका मेसेजला १६० अक्षरं मिळतात, मराठी-कन्नडमध्ये ७०. वेलांटी, काना, मात्रा सगळं त्यात मोजलं जातं. मजकूर आटोपशीर ठेवला तर सोसायटीला एका नोंदीमागं दोन मेसेजचे पैसे पडत नाहीत.

टिळकवाडी_कोड

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, नोंदींच्या वेळा काढल्या. तुम्ही म्हणालात तसंच आहे, बहुतेक एजंटांच्या नोंदी रात्री आठनंतर एकापाठोपाठ एक. पण एक एजंट असा निघाला की त्याच्या सगळ्या नोंदी दिवसभर पसरलेल्या आहेत. मला वाटलं तरुण मुलगा असेल. ब्रँचला विचारलं तर पन्नाशी उलटलेले गृहस्थ. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "सर, नाव शोधत बसलो तर दिवस जातोय. मी नंबर लिहून ठेवलोय." फोनच्या पारदर्शक कव्हरच्या आत त्यांनी एक चिठ्ठी घातलीय, तिच्यावर खाते नंबरांचे शेवटचे आकडे, दुकानांच्या क्रमानं.

उद्या त्यांच्याबरोबर जायचं ठरलंय. दोन शंका आहेत. व्हिडिओ काढावा का? आणि संचालकांना हे पटवायचं कसं? त्यांना होम स्क्रीनवर ग्राफ हवेत.

शहापूरकरीण

त्या काकांना आधी मनापासून नमस्कार सांगा. तुमच्या ॲपची पुढची आवृत्ती त्यांनी कव्हरमध्ये लिहून ठेवलीय. चिठ्ठीचा फोटो मागू नका, खाते नंबर आहेत त्यावर. बघा आणि क्रम कसा लावलाय तेवढं समजून घ्या. दुसऱ्या एजंटाला वाट बदलावी लागली तर तो यादीतली नावं वर-खाली कशी सरकवेल, हा त्यातून निघणारा पुढचा प्रश्न आहे. त्याचं उत्तरही काकांनाच विचारा. दुकान बंद झालं, नवीन ठेवीदार आला, की ते चिठ्ठीत काय करतात?

व्हिडिओ दुकानात नको. तिथं दुकानदार असतो, त्याचं गिऱ्हाईक असतं, आणि कोण किती पिग्मी भरतो ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या बाजारात ते शोभत नाही. दुकानात वही-पेनच ठेवा. व्हिडिओ हवाच असेल तर संध्याकाळी ब्रँचमध्ये, खोटी नावं आणि खोटे नंबर भरलेल्या ॲपवर, एजंटाची परवानगी घेऊन, फक्त हात आणि स्क्रीन दिसेल असा काढा.

तोच व्हिडिओ संचालकांना दाखवा. एका बाजूला जुन्या स्क्रीनवर एक पावती, दुसऱ्या बाजूला वाटेच्या क्रमाच्या यादीवर तीच पावती. सोबत दिवसाच्या आणि रात्रीच्या नोंदींचा आकडा ठेवा. ग्राफ त्यांना जरूर द्या, ब्रँचच्या कॉम्प्युटरवर द्या. एजंटाच्या होम स्क्रीनवर काय असावं, हे एखाद्या संचालकाला उद्याच्या फेरीत सोबत घेऊन गेलात तर तेच सांगतील. विचारून तर बघा. दुपारी चारच्या सुमारास निघा, बाजारात गर्दी असते तेव्हाच, आणि काकांच्या चालीनं चाला. परत आलात की काय दिसलं ते इथं लिहा, निपाणीकरांनाही ब्रँचच्या बाजूनं ताडून बघता येईल.